काटकसरीच्या पोटीं उधळा वारू

गेल्या पंधरवड्यांतील गोष्ट. माझा धाकटा पुतण्या आपल्या खोलीच्या भिंतीवर एका गडद हिरव्या मोटारीचें भलें मोठें चित्र चिकटवीत होता. भिंतीस नुकताच रंग दिलेला असल्यामुळें माझ्या कपाळाला आठ्या पडणें स्वाभाविकच होतें. परंतु त्याच्या मुद्रेवरील भक्तिभाव पाहून मीं ओठांवर आलेले शब्द गिळले. "काका, ही मस्टंग. १९६८ सालची. हिच्यासारखी गाडी पुन्हां होणें नाहीं!" असें त्यानें मला मोठ्या अभिमानानें सांगितलें. "असेल बुवा. पण हिचें माहेर कोणतें, ही कोणाच्या पोटची, हें ठाऊक आहे का तुला?" असें मीं विचारतांच तो घोटाळला.

सोयरीक जमवितांना आपण कुळाची चौकशी करतों. गाडीच्या रूपावर भाळणाऱ्यानेंही तिचें कूळ पाहूं नये, असा कांहीं नियम नाहीं. म्हणून त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओसरीवर मुलांना जें सांगितलें, तेंच या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें. गोष्ट अमेरिकेची आहे व यंत्रांची आहे; पण तींतील नफानुकसानीचा हिशेब कोणत्याही संसारी माणसास ओळखीचा वाटेल.

१९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मोटारी सालोसाल लांब, रुंद व जड होत चालल्या होत्या. १९५९ सालची साधी शेव्हरोलेट, जी तेथील मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या दारीं उभी असे, ती सुमारें साडेसतरा फूट लांब होती. तिच्या पाठीवर पंखांसारखे पत्रे पसरलेले असत. त्यांचा उडण्याशीं संबंध नव्हता आणि धांवण्याशींही नव्हता. शेजाऱ्याच्या गाडीपेक्षां आपली गाडी वीतभर लांब असावी, एवढाच त्यांतील शास्त्रार्थ! परंतु १९५८ च्या सुमारास व्यापारांत मंदी आली आणि लोकांना पेट्रोलचा खर्च दिसूं लागला. जर्मनीहून येणारी कासवासारखी फोक्सवागन आणि घरचीच लहानशी रॅम्बलर यांना एकाएकीं गिऱ्हाइकें मिळूं लागलीं. तेव्हां तिन्ही बड्या कंपन्या जाग्या झाल्या.

१९५९ च्या शरदृतूंत तिघांच्याही आटोपशीर गाड्या बाजारांत आल्या. त्यांना तिकडे 'कॉम्पॅक्ट' असें नांव पडलें. शेव्हरोलेटची कॉर्व्हेअर ही त्यांतली अवलिया. तिचें एंजिन मागें, आणि तेंही पाण्यावांचून केवळ हवेनें थंड होणारें. क्राय्सलर कंपनीच्या व्हॅलिअंटमध्यें सहा सिलिंडरांचें एंजिन तीस अंशांनीं कलतें बसविलेलें होतें. तें दिसावयास आळशी माणसासारखें, पण कामास मोठें चिवट निघालें. तिसरी फोर्डची फाल्कन. हिच्या अंगीं कोणतीही अद्भुतता नव्हती. लांबी पंधरा फूट, एंजिन अवघ्या ९० अश्वशक्तीचें, किंमत दोन हजार डॉलरांच्या आंत, आणि सहा माणसें दाटीवाटीनें बसण्याची सोय. हिच्यामागें हात होता तो रॉबर्ट मॅक्नमारा यांचा. हे गृहस्थ पूर्वी हार्वर्ड येथें शिकवीत असत. आंकड्यांवर त्यांचें विलक्षण प्रभुत्व होतें. पुढें १९६१ सालीं ते अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. गाडी ही ओझें वाहून नेणारी वस्तु आहे, ती स्वस्त असावी व टिकावी, याहून अधिक कांहीं मागूं नये, अशा वृत्तीची ही फाल्कन होती. पहिल्याच वर्षीं तिचा खप चार लाखांच्या वर गेला. काटकसरीस असा जयजयकार क्वचितच लाभतो.

पण लाभला तरी तो टिकतो किती? महायुद्ध संपल्यावर जन्मलेलीं मुलें १९६४ च्या सुमारास वयांत येऊं लागलीं होतीं. त्यांच्या खिशांत पैसा होता, आणि वडिलांची फाल्कन त्यांस सोवळ्याच्या धाबळीसारखी वाटे. उपयोग मान्य, पण मिरवावी अशी नव्हे! फोर्ड विभागाची सूत्रें या वेळीं ली आयकोका यांच्या हातीं आलीं होतीं. इटलीहून आलेल्या कुटुंबांतील हा मुलगा विक्रीच्या कलेंत पारंगत होता. नवी गाडी सर्वस्वीं नव्यानें घडवावयाची तर खर्च अफाट. म्हणून त्यांनीं युक्ति केली. आंतील सांगाड्याचे, चाकांच्या जोडणीचे व एंजिनाचे बरेचसे भाग फाल्कनचेच घेतले, आणि वर निराळें रूप चढविलें. पुढचें नाक लांब, मागची शेपटी आंखूड, बसावयास दोन स्वतंत्र खुर्च्या. नांव ठेवलें मस्टंग, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळावरचा मोकाट घोडा. आपल्या घरीं एकाच कणकेची रोजची पोळी होते आणि सणाला तीच कणीक पुरण पोटांत घेऊन ताटांत येते, त्यांतलाच हा प्रकार.

१७ एप्रिल १९६४ रोजीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत या घोड्याचें दर्शन झालें. जाहिरातींत किंमत होती २,३६८ डॉलर. परंतु या किमतींत मिळे तें सहा सिलिंडरांचें साधें एंजिन. मोठें एंजिन हवें? निराळे पैसे. आपोआप बदलणारे गिअर, रेडिओ, चाकांची शोभिवंत तबकडी? निराळे पैसे. ऐच्छिक वस्तूंची यादी लांबच लांब होती, आणि दुकानांत शिरलेला तरुण ती वाचतां वाचतां शेंकडों डॉलरांनीं हलका होऊन बाहेर पडे. लग्नाच्या यादींत 'मानपान यथाशक्ति' असें लिहिलेलें असतें. त्या एका ओळीचा अर्थ ज्यानें अनुभवला आहे, त्यास हें अधिक समजावून सांगणें नको. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांवर मस्टंग विकल्या गेल्या. मार्च १९६६ पर्यंत दहा लाखांची मजल झाली. क्राय्सलर कंपनीनेंही त्याच महिन्यांत, उलट सोळा दिवस आधीं, आपल्या व्हॅलिअंटच्या पाठीवर प्रचंड कांच बसवून तिला बॅराकूडा हें एका दांताळ माशाचें नांव दिलें होतें. पण पुढारीपणाचा मान घोड्यानेंच मिळविला.

येथवर केवळ वेषांतर होतें. बळाचा प्रवेश दुसऱ्या दारानें झाला, आणि ती हकीकत आपल्या एकत्र कुटुंबांतील वाटावी अशी आहे. जनरल मोटर्स हें मोठें घराणें. जानेवारी १९६३ मध्यें घराण्यांतील वडील मंडळींनीं आपल्या सर्व शाखांना शर्यतींतून अंग काढून घेण्याची आज्ञा केली. शिवाय मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घनइंचांहून मोठें एंजिन घालूं नये, असाही दंडक होता. घनइंच म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. सिलिंडरांतील दट्टे वरखालीं होतांना जेवढी जागा व्यापतात, तिचें हें माप. जागा मोठी तितकें पेट्रोल व हवेचें मिश्रण आंत अधिक, आणि स्फोटाचा रेटा तितका जबर.

पाँटिअक ही या घराण्याची एक शाखा. तिचे मुख्य एंजिनियर जॉन डीलोरियन हे तरुण, महत्त्वाकांक्षी व थोडे खट्याळही होते. त्यांच्या मंडळींच्या ध्यानांत आलें कीं, टेंपेस्ट या मध्यम गाडींत जेथें ३२६ घनइंचांचें एंजिन बसतें, तेथेंच त्याच आधारांवर थोरल्या गाडीचें ३८९ घनइंचांचें एंजिनही बसतें. मग दंडकाचें काय? दंडक नव्या नमुन्याच्या गाडीला लागू होता. ऐच्छिक वस्तूंविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें! झालें. १९६४ च्या टेंपेस्टच्या ऐच्छिक वस्तूंत, तीनशें डॉलरांहून किंचित् कमी किमतीस, 'जी.टी.ओ.' नांवाची एक पुरवणी दाखल झाली. तिच्या पोटांत ३२५ अश्वशक्तीचा राक्षस होता. पांच हजार गाड्या खपतील अशी अटकळ होती. खपल्या बत्तीस हजारांवर. जमेचा आंकडा पाहून वडिलांचा राग निवळला, आणि पुढें तो दंडकही सैल झाला. घरोघरीं हेंच चालतें. लेकानें आज्ञा मोडली तर अपराध, पण ती मोडून पैसा आणला तर कर्तबगारी!

यानंतर सगळ्यांनाच ईर्षा चढली. हलक्या अंगाच्या, बेताच्या किमतीच्या गाडींत थोरलें व्ही-८ एंजिन घालावें, हा मंत्रच झाला. आणि अशा गाड्यांस 'मसल कार', म्हणजे आपल्या भाषेंत पहिलवान गाडी, म्हणूं लागले. शेव्हरोलेटची कॅमारो १९६७ सालचा नमुना म्हणून अवतरली. प्लिमथनें १९६८ सालीं रोड रनर काढली. चलच्चित्रांतील एका पळपुट्या पक्ष्याचें हें नांव वापरण्यासाठीं वॉर्नर ब्रदर्स यांस पन्नास हजार डॉलर मोजले आणि गाडीच्या भोंग्यालाही त्या पक्ष्याचाच आवाज दिला. मिसरूड फुटलेल्या वीरांना तो भोंगा फार आवडला, असें म्हणतात. डॉज डार्ट ही घरगुती गाडी १७० घनइंचांच्या एंजिनावर मुलांना शाळेंत पोंचवीत असे. १९६८ सालीं शर्यतीकरितां मोजक्या डार्टांत ४२६ घनइंचांचें 'हेमी' एंजिन कोंबण्यांत आलें. १९७० ची डस्टर तर सरळ व्हॅलिअंटच; वरचा मुखवटा तेवढा निराळा.

बळाची जाहिरातही मोठी गमतीची असे. १९७१ पर्यंत अश्वशक्तीचा आंकडा काढतांना एंजिन गाडींतून बाहेर, चौथऱ्यावर ठेवीत. हवा गाळण्याचें साधन, विजेचें यंत्र, धुराची कोंडलेली नळी, असलीं ओझीं त्यास नसत. अशा मोकळ्या अंगानें तें जें बळ दाखवी, तें छापीत. १९७२ पासून सर्व ओझ्यांसह मोजण्याची रीत आली आणि आंकडे रातोरात उतरले. वराचा पगार सांगतांना कापून जाणारे पैसे न सांगण्याची आपल्याकडील चाल यापेक्षां फारशी निराळी नाहीं.

आपल्या मुंबईशीं या घराण्यांचा संबंध जुना आहे. मी मुलांना प्लिमथचें नांव सांगत असतांनाच माजघरांतून आमच्या मातोश्री म्हणाल्या, "प्लिमथ होय? ती तर कुर्ल्याची!" त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत स्वातंत्र्याच्या सुमारापासून डॉज, प्लिमथ व डीसोटो या गाड्या सुट्या भागांतून जोडल्या जात. जनरल मोटर्सचा शिवडी येथील कारखाना तर १९२८ सालचा. पण ज्यांस येथें गाडी खरोखरी घडवावयाची आहे त्यांनींच रहावें, असें सरकारी धोरण ठरलें. १९५४ च्या सुमारास शिवडीचा कारखाना बंद झाला, आणि कुर्ल्यास पुढें फियाटची लहान गाडी होऊं लागली. त्यामुळें आमच्या वडिलांच्या पिढीस या कंपन्यांच्या धीरगंभीर थोरल्या गाड्या ठाऊक. हें पहिलवानी पर्व मात्र येथें पोंचलेंच नाहीं. पुतण्याच्या भिंतीवर तें आज चित्ररूपानें पोंचत आहे.

आतां खर्चाची बाजू पाहूं. यांतील पुष्कळ गाड्यांचें एंजिन बदललें, पण थांबण्याची सोय त्या प्रमाणांत बदलली नाहीं. १९६४ च्या जी.टी.ओ.ला चारही चाकांस ड्रम ब्रेकच असत; वेगांत वारंवार दाबले कीं ते तापत आणि त्यांची पकड ढिली पडे. घोडा थोरला आणि लगाम तट्टाचा! अमेरिकेंतील रस्त्यांवर १९६० सालीं छत्तीस हजारांवर माणसें मेलीं. १९६६ सालीं हा आंकडा पन्नास हजारांवर गेला आणि १९७२ सालीं चौपन्न हजारांवर. हा सगळा दोष पहिलवान गाड्यांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. रहदारीही वाढली होती. परंतु अठरा वर्षांच्या मुलाच्या हातीं शर्यतीचें यंत्र देऊन त्यास कामाच्या रस्त्यावर सोडण्यानें तो आंकडा घटणार नव्हता, हें तर उघडच आहे.

१९६५ सालीं राल्फ नेडर या तरुण वकिलानें 'अनसेफ अॅट एनी स्पीड' हें पुस्तक लिहून कारखानदारांवर फिर्याद मांडली. त्याच्या पहिल्याच प्रकरणांत कॉर्व्हेअरची झडती होती. जनरल मोटर्सनें त्याच्यामागें गुप्त हेर लावले. तें उघडकीस आलें, आणि मार्च १९६६ मध्यें कंपनीच्या अध्यक्षांस सीनेटच्या समितीपुढें क्षमा मागावी लागली. त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. मग विमा कंपन्यांनीं डोळे उघडले. पंचविशीच्या आंतला तरुण आणि थोरलें एंजिन अशी जोडी दिसली कीं, विम्याचा आंकडा गाडीच्या हप्त्याशीं स्पर्धा करूं लागला. ३१ डिसेंबर १९७० रोजीं हवेच्या शुद्धतेचा कायदा मंजूर झाला. धुरांतील विषारी वायु नव्वद टक्क्यांनीं घटविण्याची अट आली. या एंजिनांना शिसें मिसळलेलें उंची पेट्रोल लागे, आणि तें शिसें श्वासावाटे साऱ्या गांवाच्या मुलांच्या पोटांत जाई. अखेरचा घाव ऑक्टोबर १९७३ मध्यें बसला. अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें. तीन डॉलरांच्या आसपास असलेलें पिंप जानेवारी १९७४ मध्यें अकरा डॉलरांच्या वर गेलें. पेट्रोलच्या पंपांपुढें रांगा लागल्या, आणि साऱ्या देशाला ताशीं ५५ मैलांची मर्यादा घालण्यांत आली. १९७४ सालीं रस्त्यांवरील मृत्यु पंचेचाळीस हजारांच्या आसपास उतरले.

आतां शेवट पाहा. बॅराकूडा १ एप्रिल १९६४ रोजीं अवतरली होती; १ एप्रिल १९७४ रोजीं, बरोबर दहा वर्षांनीं, शेवटची बॅराकूडा कारखान्याबाहेर पडली. जी.टी.ओ.चेंही १९७४ हेंच अखेरचें वर्ष. आणि त्या वर्षीं ती एका कॉम्पॅक्ट गाडीची ऐच्छिक पुरवणी होऊन राहिली होती. मस्टंग मेली नाहीं; ती लहान झाली. १९७४ ची मस्टंग पिंटो नांवाच्या छोट्या गाडीच्या आधारें घडविलेली होती. त्या वर्षीं तिला व्ही-८ एंजिन मिळतच नव्हतें. तरी खप पावणेचार लाखांच्या पुढें! आणि व्हॅलिअंटचें तें कलतें एंजिन? तें क्राय्सलरच्या गाड्यांत १९८३ पर्यंत निमूटपणें काम करीत राहिलें. उधळा वारू फेरी मारून आला तो आपल्या काटकसरी आईच्याच दारीं.

एवढें ऐकून पुतण्या हिरमुसला. "म्हणजे काका, हें चित्र काढून टाकूं?" मीं म्हटलें, "मुळींच नको. अरे, या तुझ्या हिरव्या गाडीचीच एक हकीकत ऐक." १९६८ च्या 'बुलिट' या चित्रपटांत स्टीव्ह मॅक्वीन या नटानें जी मस्टंग सॅनफ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून उधळली, ती १९७४ सालीं एका साध्या कुटुंबानें सहा हजार डॉलरांना विकत घेतली. घरांतील गृहिणी शिक्षिका होत्या. त्या त्याच गाडींतून शाळेंत जात. १९७७ सालीं खुद्द मॅक्वीन यांनीं पत्र लिहून गाडी परत मागितली. घरच्यांनीं दिली नाहीं. पुढें ती बिघडली, झांकून ठेविली गेली, पण विकली गेली नाहीं. अखेर जानेवारी २०२० मध्यें पुढच्या पिढीनें ती लिलांवांत काढली, तेव्हां सदतीस लाख डॉलरांच्या आसपास किंमत आली. ज्या गाडीची कीर्ति वेगावर उभी होती, तिला हें मोल आलें तें एका घरानें ती जपली म्हणून.

हौस वाईट असें मी म्हणत नाहीं. नुसत्या हिशेबानें संसार होतो, पण रंगत नाहीं. परंतु गाडी असो, घर असो कीं घरचें कार्य असो, हौसेच्या वस्तूस हात घालण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारून घ्याव्या. वरचें सोंग काढलें तर खालीं मूळ वस्तु कोणती? छापलेल्या किमतीनंतर दरमहा काय द्यावें लागेल? आणि ती बेफाम झाली तर आवरण्याचें साधन तिच्याजवळ, व आपल्याजवळही, आहे का? या तिहींचीं उत्तरें मिळालीं, तर खुशाल हौस करावी.

चित्र अद्याप भिंतीवरच आहे. रंगाचें काय तें दिवाळींत पाहूं.